उतारवय आणि पहाऱ्याची पाळी

नामसप्ताहातला पहारा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. सात दिवस, आठही प्रहर, वीणा खाली ठेवायची नाही असा नेम असतो. मग मंडळी आपसांत पाळ्या वाटून घेतात. दोन तास याचे, पुढचे दोन तास त्याचे. फळ्यावर नावे लिहून ठेवतात. पहाटे दोनची पाळी असली तरी माणूस अंगावर घोंगडी ओढून ठरल्या वेळी येतो, आधीच्या वीणेकऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. या व्यवस्थेत तरुण-म्हातारा असा भेद नाही. सत्तरीचे आजोबा आले नाहीत तर आधीचा माणूस खोळंबून राहतो. म्हणजे त्या वेळी आजोबांची कोणीतरी खरोखर वाट पाहत असते.

ही साधी गोष्ट नीट ध्यानात धरावी, कारण आजच्या पाठाचा सगळा गाभा तिच्यात आहे. उतारवयात माणसाने गावे, वाजवावे, नाचावे, शिवावे, लिहावे, चित्र काढावे, याने त्याच्या शरीराला व मनाला काय लाभ होतो, आणि तो लाभ पदरात पडावा म्हणून हे कसे करावे, हा आपला विषय. भजनाच्या पारमार्थिक फळाविषयी येथे लिहीत नाही. त्याचा विचार अन्यत्र पुष्कळ झालेला आहे. येथे प्रपंचातली बाजूच पाहू.

१. प्रश्न कोणता?

२०११ सालच्या खानेसुमारीत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक, सुमारे १० कोटी ३८ लाख, भरली. ही संख्या पुढे वाढतच गेली आहे. औषधोपचार सुधारले, माणसे जास्त जगू लागली, हे चांगलेच झाले. पण वाढलेली ही वर्षे कशाने भरायची, याचा विचार मात्र घरोघर राहून गेला.

आपल्या पुण्याचेच पाहा. कसबा, सदाशिव, नाना अशा पेठांतले वाडे एकामागून एक पडले आणि तिथली पुष्कळ म्हातारी माणसे कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर अशा बाजूंना मुलांच्या सदनिकांत राहायला गेली. सदनिका सोयीची असते. लिफ्ट असते, नळाला पाणी असते. परंतु वाड्याचा चौक गेला, ओटा गेला, संध्याकाळी सहज जमणारी चार माणसे गेली. मुले-सुना वाईट नसतात. उलट मायेनेच म्हणतात, “बाबा, आता तुम्ही काही करू नका, निवांत बसा.” आईच्या हातची सुई काढून घेतात, “डोळ्यांना ताण कशाला?” बाबांचा टाळ माळ्यावर जातो, “शेजारी काय म्हणतील?” मग कोचावर बसवून त्यांना मोबाईलवर हरिपाठ लावून देतात. सेवा झाली असे घराला वाटते.

आता हे नीट तपासले पाहिजे. हरिपाठ कानावर पडतो, हे उत्तमच. पण जो माणूस काल हरिपाठ म्हणत होता तो आज नुसता ऐकतो आहे. म्हणणारा होता, तो श्रोता झाला. या बदलाने त्याचे काही जाते काय?

२. करणे आणि पाहणे

या प्रश्नाला धरून जर्मनीत एक लहानसा प्रयोग झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. नोकरीतून निवृत्त झालेली २८ माणसे घेतली आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाने दहा आठवडे जाणत्याच्या हाताखाली स्वतः चित्रे काढली. दुसऱ्या गटाने तेवढेच आठवडे संग्रहालयातली चित्रे पाहिली आणि त्यांवर चर्चा केली. नंतर यंत्राने दोन्ही गटांच्या मेंदूची तपासणी केली. ज्यांनी स्वतः कुंचला धरला होता त्यांच्या मेंदूच्या काही भागांचे परस्परांशी दळणवळण वाढलेले दिसले, आणि संकटात मन सावरून धरण्याची शक्तीही वाढलेली आढळली. नुसते पाहणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. माणसे अवघी अठ्ठावीस, म्हणून यावर मोठी इमारत उभारू नये. पण दिशा कळते.

आणि ही दिशा आपल्याला नवी नाही. कीर्तनाची आपली रीत आठवा. बुवा पुढे उभे असतात, पण मागे टाळकऱ्यांची रांग असते, ध्रुपद सर्वांनी उचलायचे असते, आणि समोर बसलेली मंडळीही टाळी वाजवून नाम घेतात. निव्वळ प्रेक्षक असा तेथे कोणी राहतच नाही. ही रीत घालून देणाऱ्यांनी मेंदूची तपासणी केली नव्हती. परंतु माणूस सामील झाला म्हणजे टिकतो, एवढे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

३. गळा

गाणे म्हणताना शरीरात काय घडते ते आधी पाहू. बोलताना आपण तोकडा श्वास घेतो. चाल धरून ओळ पुरी करायची तर श्वास खोल घ्यावा लागतो आणि सावकाश, मोजून सोडावा लागतो. छाती, पोट, पाठ या सर्वांचे स्नायू कामाला लागतात. कान दुसऱ्याचा सूर ऐकतो, गळा त्याला जुळवून घेतो, हात टाळ धरतो, मन पुढचा चरण आठवते. इतकी कामे एकदम आणि तीही आनंदाने करून घेणारा व्यायाम दुसरा सांगता येणे कठीण.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी २००१ साली डॉ. जीन कोहेन यांनी पासष्ट वर्षांवरील माणसांची एक पाहणी सुरू केली. १६६ जण होते. त्यांतले काही जाणत्या शिक्षिकेच्या हाताखाली दर आठवड्याला समूहाने गात. बाकीचे आपला नेहमीचा क्रम चालवीत. एक वर्षाने पाहिले तेव्हा गाणाऱ्यांची डॉक्टरांकडची खेप कमी होती, औषधे कमी होती, पडण्याचे प्रसंग कमी होते, आणि एकटेपणाही कमी होता.

सॅन फ्रान्सिस्को शहरातली पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रांतील ३९० माणसे तीत होती. सहा महिने गाण्याचा वर्ग चालला. निष्कर्ष असा आला की गाणाऱ्यांचे एकटेपण घटले आणि जगण्यातले स्वारस्य वाढले. पण स्मरणशक्ती आणि शरीराची ताकद यांत विशेष फरक दिसला नाही. पहिल्या पाहणीहून हा निष्कर्ष थोडा उणा आहे, आणि तो उणेपणा आपण लपवू नये. गाण्याने सर्व रोग जातात असे कोणी सांगू लागला तर त्याच्या नादी लागू नये. पण एकटेपण घटणे ही काय लहान गोष्ट आहे? भरल्या घरात एकटे पडलेल्या माणसाला विचारून पाहा.

४. पाऊल

आता पुण्यातलेच एक उदाहरण घेऊ. कंपवात, ज्याला डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात, हा बहुधा उतारवयातला आजार. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी झडत जातात. हात कापतो, अंग ताठरते, चाल मंदावते. कधी तर माणूस दारात येतो आणि पाऊल जागीच खिळते. पुढे टाकायचे मनात असते, पण पाय उचलत नाही. लोक पाहतील या लाजेने असा माणूस हळूहळू घरातच बसतो. या आजाराच्या माणसांनी व त्यांच्या घरच्यांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ उभे राहिले. आणि २०१० च्या सुमारास हृषीकेश पवार या नृत्यकाराने अशा माणसांसाठी पुण्यात नृत्याचा वर्ग सुरू केला. त्याआधी, २००१ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यमंडळाने असा उपक्रम आरंभिला होता.

ज्यांना नीट चालवत नाही त्यांना नाचायला सांगायचे, हे प्रथम ऐकणाऱ्याला विपरीत वाटेल. पण त्यामागे कारण आहे. आपण चालतो तेव्हा पावलांचा ठेका मेंदू आतल्या आत धरून देतो. कंपवातात हा आतला ठेका बिघडतो. अशा वेळी बाहेरून ठेका मिळाला, कानावर ताल पडला, तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलू शकतो. म्हणून खिळलेला माणूस तालावर चालू लागतो. रोग जात नाही. औषध चालूच ठेवावे लागते. पण तोल सुधारतो, चाल मोकळी होते, आणि मुख्य म्हणजे रोगी म्हणून आलेला माणूस तासभर नाचणारा होतो.

वारकऱ्याला हे सांगताना फार शब्द खर्चावे लागत नाहीत. आषाढीच्या आधी दोन्ही पालख्या पुण्यात येतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. त्या वेळी दिंडीतली म्हातारी माणसे डोळे भरून पाहावीत. दिवसभर चालून थकलेला, पाठीत वाकलेला म्हातारा पखवाजावर थाप पडताच पावली खेळू लागतो. आपण म्हणतो, भक्तीने बळ आले. ते खरेच. पण तालानेही पाऊल उचलून दिले, हेही खरे. दोन्हींत विरोध नाही.

५. स्मरण

न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ माणसांवर काही वर्षे लक्ष ठेवून केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. जी माणसे वाचन करीत, पटावरचे खेळ खेळत, वाद्य वाजवीत किंवा नाचत, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. येथे एक शंका घेतलीच पाहिजे. वाद्य वाजविल्याने स्मृती टिकली, की ज्याची स्मृती टिकली तोच वाद्य वाजवीत राहिला? अशा पाहणीने याचा पुरता निकाल लागत नाही. म्हणून “टाळ वाजवा, विस्मरण होणार नाही” असे वचन आम्ही देणार नाही.

पण स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांच्या पाहण्यात आहे. सकाळी काय जेवलो हे ज्यांना दुपारी आठवत नाही, मुलाचे नाव ओठावर येत नाही, त्यांना लहानपणापासून म्हटलेला अभंग चालीसकट येतो. चाल, ताल आणि यमक यांनी शब्द एकमेकांना बांधलेले असतात. एक ओढला की दुसरा मागोमाग येतो. शिवाय गाण्याची स्मृती मेंदूत अनेक ठिकाणी विखुरलेली असते, म्हणून ती उशिरापर्यंत तग धरते. अशा आजीजवळ बसून आपण पहिला चरण धरावा आणि थांबावे. ती पुढचा म्हणेल. आजीला “ओळखा पाहू मी कोण?” असे मात्र विचारू नये. ती परीक्षा होते, आणि नापास झाल्याचे दुःख तिला कळते.

६. जात्यावरची ओवी

बायकांच्या वाट्याची कला फार मोठी, पण ती कामात मिसळलेली असल्याने कला म्हणून कोणी मोजली नाही. गोधडी, रांगोळी, रुखवत, भोंडल्याची गाणी, आणि या सगळ्यांत मोठी जात्यावरची ओवी. पहाटे दळता दळता बाईने आपले माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल-रुखमाई, सगळे जात्यापाशी बोलून घेतले. माणसाला सांगता आले नाही ते दगडाला सांगितले.

पुढे विजेची गिरणी आली. बाईच्या खांद्यांचे कष्ट वाचले, हे फार बरे झाले. त्याविषयी हळहळ नको. पण जाते थांबले तसा ओवीचा प्रसंगही गेला. ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या पोटात राहिल्या, आणि विचारायला कोणी नव्हते. अशा वेळी पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण भारताचे नागरिक झालेले गी पॉइत्व्हाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह हे काम हाती घेतले. मुळशीच्या डोंगराळ भागापासून महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या, पुढे ध्वनिमुद्रितही केल्या. एक हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा हा साठा झाला. २०१७ सालापासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून तो लोकांपुढे येऊ लागला.

या कामातून आपण काय शिकावे? गाणे आटले नव्हते. त्याला बोलावणे उरले नव्हते. कोणी येऊन शेजारी बसले, “आजी, तुमची ओवी सांगा” म्हणाले, आणि ओवी बाहेर आली. पहाऱ्याच्या फळ्यावर नाव लिहिणे आणि आजीला ओवी विचारणे ही एकाच जातीची गोष्ट आहे. दोन्हींत त्या माणसाला सांगितलेले असते की तुझ्यावाचून हे व्हायचे नाही.

७. घरात आणि मंडळात काय करावे

पहिले, पाळी ठरवावी. “केव्हाही या” हे आमंत्रण नव्हे. “मंगळवारी चार वाजता पहिला अभंग तुम्ही धरायचा” हे आमंत्रण होय. वार, वेळ आणि काम तिन्ही सांगावीत.

दुसरे, थोडे अवघड द्यावे. येणारे तेच ते घोळवण्यापेक्षा नवी चाल बसवावी, नवा ठेका शिकावा. शिकण्याची हौस वयाला बांधलेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांना वाचन-लेखन लग्नानंतर आले, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या.

तिसरे, शरीर पाहून सोयी कराव्यात. गुडघे धरत असतील तर खुर्ची द्यावी. भजन मांडी घालूनच करावे असा काही दंडक नाही. ऐकू कमी येत असेल त्याला पेटीजवळ बसवावे. मोठ्या टाळांचे वजन पेलत नसेल तर लहान टाळ वा चिपळ्या द्याव्यात. पोथीची अक्षरे मोठी करून द्यावीत. दम्याचा, हृदयाचा विकार असेल त्याने वरच्या पट्टीचा हट्ट धरू नये, आणि डॉक्टरांना विचारावे.

चौथे, ध्वनिक्षेपक आवरावा. एकाच्या तोंडाशी ध्वनिक्षेपक गेला की बाकीच्यांचे आवाज बुडतात आणि हळूहळू ते गप्प होतात. दहा-बारा माणसांच्या भजनाला त्याची गरज नाही.

पाचवे, हसू नये. सूर हलला, ताल चुकला तर नातवंडे हसतात, मोबाईलवर टिपून इतरांना पाठवितात. एकदा असे झाले की म्हातारा माणूस पुन्हा तोंड उघडीत नाही.

८. दोन शंका

कोणी म्हणेल, “आमच्या वडिलांना गाण्याची आवड मुळीच नाही.” तर गाणेच कशाला हवे? पोथी सुवाच्य अक्षरात उतरवून काढू द्या, गावच्या आठवणी लिहू द्या, देवळाची माळ ओवू द्या, नातीच्या बाहुलीला कपडे शिवू द्या. हातातून काहीतरी नवे निघाले पाहिजे आणि ते कोणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे, एवढ्या दोन अटी पाळल्या म्हणजे झाले. आणि काहीच नको म्हणत असतील तर सक्ती करू नये. मात्र पूर्वी ज्यात रस होता त्यातूनही मन उठले, जेवण-झोप उडाली, असे दिसले तर तो म्हातारपणाचा स्वभाव समजून सोडून देऊ नये. ती मनाच्या आजाराची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी शंका अशी की, “उतारवयात आता निवृत्ती हवी, हा नवा खटाटोप कशाला?” निवृत्ती म्हणजे आसक्तीतून मोकळे होणे. हातपाय, गळा आणि मन यांना गंज चढू देणे असा तिचा अर्थ कोणी केलेला नाही. वारीत साठी-सत्तरीची माणसे शेकडो चालतात; त्यांना निवृत्ती कळली नाही असे आपण म्हणू काय?

तात्पर्य एवढेच की, म्हाताऱ्या माणसाला विश्रांती द्यावी, पण त्याची पाळी काढून घेऊ नये. उशी द्यावी तसा टाळही द्यावा.

या महिन्याचा अभ्यास

१) आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला पूर्वी काय काय करता येत होते त्याची यादी करावी. त्यांतले कोणते काम त्यांनी आपण होऊन सोडले आणि कोणते आपण मायेने सोडावयास लाविले, ते वेगळे काढावे.

२) त्यांना येणारी एक ओवी, एक अभंगाची चाल किंवा गोधडीचा एक टाका त्यांच्याकडून शिकून घ्यावा. त्यांना शिकवू नये; त्यांच्यापाशी शिकावे.

३) आपल्या भजनी मंडळाच्या फळ्यावर साठीच्या पुढील किती नावे आहेत ते मोजावे. जी माणसे येईनाशी झाली आहेत त्यांच्यापैकी एकाच्या घरी या आठवड्यात जावे, आणि वार, वेळ व काम ठरवूनच परत यावे.

रामकृष्णहरि.